बुधवार आमचा

आमच्या मिशिगनच्या घरात राजकारण जमिनीतून वर येत असे. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या पायथ्याशी एक लोखंडी जाळी होती. तळघरातली भट्टी पेटली की त्या जाळीतून गरम हवा येई आणि हवेबरोबर खालच्या दिवाणखान्यातले सगळे आवाज. त्या हवेला तापलेल्या धुळीचा वास असे, थोडा लोखंडाचा, आणि आईने फोडणी टाकलेली असली तर हिंगाचा. बाहेर मक्याची शेते बर्फाखाली झोपलेली असत आणि मी जाळीवर तळपाय टेकवून शाळेसाठी कविता पाठ करत बसे. खालून टीव्हीवरच्या नव्या राष्ट्राध्यक्षांचा आवाज येई; सावकाश बोलणारा, घोगरट, नातवंडांना गोष्ट सांगावी तसा. मध्येच बाबांचा आवाज येई, "करेक्ट!" शब्द मला धड ऐकू येत नसत, पण सूर पोचत असे. ऐंशीच्या त्या दशकात या देशाचे मन उजवीकडे वळले, असे पुढे मी पुस्तकांत वाचले. मला ते वळण आधी तळपायांना कळले होते, ऊब म्हणून.

आमचे गाव ॲन आर्बरपासून मोटारीने पाऊण तासावर होते, पण ते अंतर रस्त्याच्या आकड्यांत मोजण्यासारखे नव्हते. तिकडे विद्यापीठ, सायकली, पुस्तकांची दुकाने आणि दर शनिवारी भरणारी मराठी मंडळींची जेवणे. इकडे मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना, तीन चर्च आणि आम्ही. बाबा त्या कारखान्यात डिझाइन इंजिनियर होते. समोरच्या घरात वॉल्टर राहत असे, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला फोरमन. त्याचे हात फावड्यासारखे रुंद होते आणि त्यांना कायम ग्रीसचा व पेपरमिंटचा वास येई. आयुष्यभर तो कामगार संघटनेचा माणूस, गाढवाच्या चिन्हाच्या, डाव्या बाजूच्या पक्षाला मत देणारा. आता मात्र त्याच्या अंगणात उजव्यांच्या, हत्तीच्या पक्षाची पाटी उभी होती, आणि का, असे विचारले तर तो म्हणे, "मी कुठेच गेलो नाही, विक. माझा पक्षच मला सोडून गेला." बाबांचे नाव विश्वनाथ, वॉल्टरने पहिल्याच दिवशी ते कापून विक केले होते. बर्फ पडले की पहाटे त्याच्या ट्रकपुढचा नांगर आधी आमच्या दारातले बर्फ ढकलून टाके आणि मग त्याच्या स्वतःच्या. पत्र्याचा तो खरखराट मला अजून आश्वासक वाटतो.

बाबा अमेरिकेचे नागरिक झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्याही अंगणात पाटी लागली. त्यामागे वॉल्टर होता तसे बाबांचे गाव वर्धाही होते. माझ्या आजोबांनी तिथे घराची मागची भिंत बांधायला घेतली, तेव्हा सिमेंटच्या परमिटसाठी ते इतके दिवस रांगेत उभे राहिले की भिंतीच्या पायात गवत उगवले. बाबा तेव्हा शाळेत होते. "सरकार म्हणजे खिडकी लावून चहाला गेलेला कारकून," ते म्हणत. "इथे निदान कुणी तरी म्हणतोय, की खिडकीच नको." कर कमी व्हावेत, माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, मुलांनी थोरांचे ऐकावे, संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवावे: या नव्या हवेतले एकेक वाक्य त्यांना आपल्या घरातलेच वाटे. आई नागरिक झाली नव्हती. "एका घरात दोन मतं नकोत, म्हणून मी मतच घेतलं नाही," असे ती पाहुण्यांना सांगे आणि हसण्याचा आवाज विरण्याआधी पोळी उलटत असे.

पाहुण्यांत मुख्य म्हणजे सुधाकर काका. ते विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत आणि दर महिन्याला एकदा तरी आईच्या हातचे बटाटेवडे खायला येत. आमच्या दारातली पाटी पाहून ते पहिल्यांदा गाडीतच खो खो हसले होते.

"अरे विश्वनाथ, हत्ती दिसला की गणपती समजून पाया पडतोस होय?"

"तू गाढवाच्या पडतोस, ते चालतं?" बाबा म्हणाले.

"मी पाया पडतच नाही. मी शिकलेला माणूस आहे."

"म्हणून तर तुझे वडे थंड होतात. बोलत बसतोस."

आईने क्रॅनबेरीचे लोणचे पुढे केले. कैरी मिळत नसे तेव्हा ती या आंबट लाल फळांत मोहरी आणि मेथी घालून लोणचे करी. त्याची चव ना इथली ना तिथली, पण जिभेच्या कडांना ती अशी धरून ठेवी की वाद आपोआप खाली बसे.

त्या हिवाळ्यात शाळेच्या मंडळाची निवडणूक येऊ घातली होती. वॉल्टरच्या गटाने मिसेस पाइक नावाच्या बाईंना उभे केले होते. त्यांची मुलगी डेबी माझ्याच वर्गात होती. शाळेतली सामुदायिक प्रार्थना न्यायालयांनी कधीच बंद केली होती. ती निदान आपल्या गावापुरती परत आणावी, रोज सकाळी पहिल्या तासाआधी मुलांनी उभे राहून देवाचे नाव घ्यावे, ही त्यांची मुख्य मागणी. बाबांना यात वावगे असे काहीच दिसेना. वर्ध्याला त्यांच्या शाळेत रोज सकाळी अंगणात सर्वधर्म प्रार्थना होई. गीतेतले श्लोक, मग कुराणातल्या ओळी, मग एक ख्रिस्ती भजन. मुले हे सगळे एकाच चालीत म्हणत आणि घंटा झाली की पळत सुटत. बाबांच्या मनात शाळेची प्रार्थना म्हणजे हीच होती. प्रार्थना याहून वेगळी, एकाच घरची असू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. आपल्या लहानपणाच्या अंगणावर अमेरिकेचे छप्पर घालून त्यांनी त्या मागणीला होकार दिला.

मिसेस पाइकना मते मिळवून द्यायची म्हणून घरोघरी कॉफीपान होत असे; शेजाऱ्यांना बोलवायचे, उमेदवार दोन शब्द बोलणार, प्रश्न विचारायचे. आपल्या घरी एक व्हावे, असे बाबांनीच सुचवले. त्या रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात वीसेक माणसे बसली होती. ओल्या लोकरीचा, केसांवरच्या फवाऱ्याचा आणि तळणाचा वास एकमेकांत मिसळला होता. आईने कॉफीत जायफळ किसून घातले होते. पहिल्या घोटाला सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, दुसऱ्याला खाली आल्या आणि तिसऱ्याला वॉल्टरने कप पुढे केला. वडे संपत आले होते. मिसेस पाइक उंच, नीटस, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. मला त्या आवडल्या, हे मी आज लपवणार नाही. त्यांचे बोलणे झाले तसे बाबा उठले आणि कपाटावरून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला.

आलेखाच्या कागदावर त्यांनी एक वेळापत्रक आखले होते आणि ऑफिसच्या मशीनवर त्याच्या प्रती काढल्या होत्या. ड्रॉइंगवर घालतात तशी शीर्षकाची चौकट, कोपऱ्यात त्यांची सही. सोमवार: ख्रिस्ती. मंगळवार: ज्यू. बुधवार: हिंदू. गुरुवार: मुस्लिम. शुक्रवार: मौन, ज्यांचा कशावरच विश्वास नाही त्यांच्यासाठी. शेवटची चौकट त्यांनी सुधाकर काकांना डोळ्यांपुढे ठेवून आखली असणार.

"म्हणजे कुणाची तक्रार उरणार नाही," ते म्हणाले. "बुधवार आमचा."

कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेले. मी कितीतरी प्रकारच्या शांतता ऐकल्या आहेत, वाचल्याही आहेत. पण वीस माणसे जिभेवरचा वडा चावायची थांबतात, ती शांतता एकदाच ऐकली. बाबांना ती एकाग्रता वाटली. ते माझ्याकडे वळले. "सुमा, दिवेलागणीची प्रार्थना म्हणून दाखव बेटा. यांना कळू दे, किती छोटी असते."

ती प्रार्थना मी बोलायला लागल्यापासून म्हणत होते. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा. तिथे आई निरांजन लावी आणि मला त्या ओळी म्हणाव्या लागत नसत, त्या आपोआप येत. आता मात्र डेबीच्या आईने मान किंचित कलती करून चेहऱ्यावर एक प्रेमळ हसू आणले होते, मांजराचे पिल्लू काय करते ते बघताना आणतात तसे. त्या हसण्यात माझी प्रार्थना कशी ऐकू येईल, ते मला आधीच ऐकू आले. मी इंग्रजीत म्हणाले, "मी विसरले."

"विसरली!" बाबा सगळ्यांकडे बघून हसले. "आजकालची मुलं."

जाताना वॉल्टरने बाबांच्या खांद्यावर आपला रुंद हात ठेवला. "विक, तक्ता झकास आहे. इंजिनियरचं काम. पण मंगळवारी मंडळाच्या सभेला तो घरीच ठेव. तू फक्त उठून हे वाच." त्याने टाइप केलेला अर्धा कागद दिला. एक बाहेरून आलेला, कष्टाळू माणूस या देशातल्या मुलांसाठी प्रार्थना मागतो आहे, अशा अर्थाची पाच वाक्ये त्यावर होती. बाबांना बोलण्याचे आमंत्रण मिळाले होते, आणि त्या आनंदात तक्ता घरी ठेवण्याचे बोलणे त्यांच्या कानाआड गेले. निदान मला तसे वाटले.

सगळे गेल्यावर आई कपबशा विसळत होती. "देवांना पण शिफ्ट लावलीत का हो?" ती पाठमोरी म्हणाली.

"त्यात काय चुकलं?"

"काही नाही. बुधवारी गणपतीला लवकर उठवीन."

बाबा हसत तळघरात गेले. आईने नळ बंद केला, हात पुसले. "तू विसरलीस होय गं?"

मी बशा पुसायला घेतल्या.

"त्यांचं भाषण झालं की ते घरी येतील. त्या वर्गात रोज उभं राहायचंय ते तुला. काय वाटतं ते आधी स्वतःला सांग. मग त्यांना."

आता, बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी अधिक वय झाल्यावर, मला दिसते की आईने तेवढ्याच चार वाक्यांत मला वाढवले. ती कधी कुणाच्या पाटीखाली उभी राहिली नाही; पण मी आयुष्यभर जे काही ताठ मानेने बोलले, ते तिच्या ओल्या हातांतून आले. त्या दोन दिवसांत जाळीवर पाय ठेवून मी कविता पाठ केली नाही. खालून बाबांचा आवाज येई. वॉल्टरच्या कागदावरची वाक्ये ते मोठ्याने वाचून बघत, दर वेळी तिसऱ्या वाक्याशी अडखळत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

मंगळवारी संध्याकाळी सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. लाकडी जमिनीला मेणाचा वास होता, चेंडूंच्या रबराचा आणि वितळणाऱ्या बर्फाचा. आई साडीवर जाड कोट आणि पायात बर्फाचे बूट घालून आली होती. दारापाशी बोलणाऱ्यांची यादी होती. ज्याला बोलायचे त्याने नाव लिहायचे, प्रत्येकाला तीन मिनिटे. बाबांनी आपले नाव सातव्या ओळीवर लिहिले, नेहमीच्या ठसठशीत अक्षरांत. मी त्यांच्या हातातून पेन घेतले आणि आठव्या ओळीवर माझे लिहिले. एकाखाली एक तेच आडनाव.

बाबांनी दोन्ही ओळी वाचल्या. "तू काय बोलणार?"

"नको म्हणणार, बाबा. आय मीन, प्रार्थना नको."

"माझ्या गाडीतून येऊन माझ्याविरुद्ध?"

"परतही तुमच्याच गाडीतून जायचंय."

त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याखाली आणखी काही हलत होते. अवघड ड्रॉइंग समोर आले की त्यांच्या भुवया अशाच जवळ येत. "तीन मिनिटं असतात," ते म्हणाले. "घड्याळ बघ."

त्यांचे नाव पुकारले गेले. ध्वनिवर्धकापुढे त्यांनी वॉल्टरचा कागद उलगडला, त्यातले पहिले वाक्य वाचले, दुसरे वाचले. तिसऱ्याशी थांबले. मग त्या कागदाची घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला आणि कोटाच्या आतून आलेखाचा कागद काढला. वॉल्टरने टोपी डोळ्यांवर ओढली.

"मला प्रार्थना हवी आहे," बाबा म्हणाले. "माझ्या शाळेत होती. त्यानं माझं भलं झालं. म्हणून मी हा तक्ता केलाय." त्यांनी तो वाचला, सोमवार ते शुक्रवार. मागे कुणीतरी फिदकन हसले. अध्यक्षबाईंनी टेबलावर हातोडी आपटली. बाबा त्या हसण्याकडे वळले नाहीत. ते मिसेस पाइककडे वळले. "मॅडम, माझी मुलगी सोमवारी तुमच्या प्रार्थनेला उभी राहील. ती शिस्तीची आहे. तुमची डेबी बुधवारी उभी राहील का?"

मिसेस पाइकनी चष्मा काढून हातात घेतला. त्या काहीतरी गुळगुळीत बोलून वेळ मारून नेऊ शकल्या असत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "खोटं नाही बोलणार. मी तिला तसं सांगू शकणार नाही."

"थँक यू. सरळ उत्तर दिलंत." बाबांनी तक्त्याकडे पाहिले. "मग सोमवारचा मला पुन्हा विचार करावा लागेल."

आणि ते येऊन बसले. आईने त्यांच्या हातातला कागद घेतला आणि जुन्याच घडीवर दुमडून पर्समध्ये ठेवला.

माझे नाव पुकारले गेले आणि मी उभी राहिले. खिशात रात्रभर घोटून लिहिलेले पान होते. ते मी बाहेर काढलेच नाही. ध्वनिवर्धकाची जाळी ओठांजवळ आली तेव्हा तिला माझ्या खोलीतल्या जाळीसारखाच लोखंडाचा वास होता. मी हात जोडले आणि दिवेलागणीची प्रार्थना म्हणायला लागले. आईने शिकवली तशी, सावकाश, एकही अक्षर न गिळता. अर्थ सांगितला नाही. पहिल्या ओळीला लोक एकमेकांकडे बघू लागले. दुसरीला खुर्च्या करकरल्या. कुणी घड्याळ पाहिले, कुणी बुटांकडे. आणि तिसऱ्या ओळीला वॉल्टरने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. काय म्हटले जात आहे ते त्याला कळले नव्हते, पण प्रार्थना चालली आहे एवढे कळले होते.

"तुम्ही शांत बसलात, त्याबद्दल आभार," प्रार्थना संपल्यावर मी म्हणाले. "तुम्हाला आत्ता काय वाटलं ते मला माहीत आहे. हात कुठे ठेवावेत, कळेना. हे कधी संपणार, कळेना. उठून जावं तर उद्धटपणा होईल. मला वर्गात रोज सकाळी असंच वाटेल. मी उभी राहीन, कारण लोकांशी सभ्यपणे वागायला मला घरी शिकवलंय. पण देवासमोर नुसतं सभ्यपणे उभं राहायला शिकवलेलं नाही. ते मला शाळेत शिकायचं नाही." मग मी म्हणाले, "रविवारी मी आमच्या घरी खोटं बोलले. मी ही प्रार्थना विसरलेली नव्हते," आणि खाली बसले. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. मला त्यांची गरजही वाटली नाही. आपलाच आवाज भिंतीला लागून परत येतो आणि आपल्याला ओळखतो, एवढे मला त्या दिवशी पुरेसे होते.

मंडळाने तो विषय पुढे ढकलला, मग पुन्हा पुढे ढकलला, आणि माझी शाळा संपेपर्यंत तो तसाच पडून राहिला. मिसेस पाइक निवडून आल्या. बाबांनी त्यांनाच मत दिले. "सरळ उत्तर देणारी बाई आहे," ते सुधाकर काकांना म्हणाले, आणि काकांनी कपाळावर हात मारून घेतला. सभेनंतर पडलेल्या पहिल्या बर्फात वॉल्टरचा नांगर आमच्या दारात आला. नेहमीपेक्षा तासभर उशिरा, पण आला. बाबांच्या अंगणातली हत्तीची पाटी त्यानंतर किती निवडणुका उभी राहिली, आणि फोनवर आम्ही किती रविवार भांडलो, ते आता मोजवत नाही. त्यांनी मला आपल्या पक्षात ओढले नाही आणि मी त्यांना त्यांच्या पक्षातून बाहेर काढू शकले नाही. माझे बोलणे मात्र त्यांनी कधीही तोडले नाही. तीन मिनिटे पुरी होऊ देत.

त्या मंगळवारी आम्ही गाडीतून घरी परतत होतो. हीटरची ऊब पायांशी येत होती, काचेवरचे वायपर बर्फाचा चुरा बाजूला सारत होते, आणि मागच्या सीटवरून मला बाबांच्या मानेची ताठ रेघ दिसत होती. आता ते काय म्हणतील, याची मी सभेतल्या हसण्यापेक्षाही जास्त धास्ती घेतली होती. आमच्या गल्लीच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली, आरशात माझ्याकडे पाहिले.

"म्हटलीस चांगली," ते म्हणाले. "उच्चार स्वच्छ होते. पण आज मंगळवार. तक्त्याप्रमाणे तुझी पाळी उद्या होती."